शेळीला दर पाच मिनिटांनी भूक लागते

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून दोन-तीन मंडळी दारातच थबकली, ते आम्हाला इथून दिसलं. आपण तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला आलो की पशुसंवर्धन खात्याच्या शिबिराला, असा प्रश्न त्यांना पडला असावा. (हशा) बसा, बसा. पुढं जागा आहे.

मागच्या दोन व्याख्यानांत आपण हास्यरसाबद्दल बोललो. त्याचं एक शेपूट राहिलं होतं आणि ते आमच्या घरीच आमच्या पायात आलं. दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. लॅपटॉपवर तो एक खेळ खेळत होता. पडद्यावर एक शेळी. ती पळते, माणसांना ढुश्या देते, जीभ बाहेर काढून दिसेल त्या वस्तूला चिकटवते आणि ती वस्तू फरफटत नेते. उंचावरून पडली की चिंध्यांच्या बाहुलीसारखी लोळागोळा होते, आणि पुन्हा उठून चालायला लागते. आम्ही हसलो. चांगले डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. नातू म्हणाला, "आबा, नुसते हसू नका, खेळा ना." मग आम्ही खेळलो. वयाच्या सत्तरीनंतर शेळी व्हायची पाळी आली. (हशा)

त्या वेळी आमच्याकडे विक्रमगडच्या बाजूचा एक मुलगा बसला होता. स्पर्धा परीक्षेला तर्काचे प्रश्न असतात, ते समजून घ्यायला येतो. हुशार आहे, बोलतो कमी. तोही हसत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सर, यात बिबट्या कुठंय?"

नातवाला प्रश्न कळला नाही. आम्हाला कळला, पण उत्तर आलं नाही. आजचं बोलणं त्या प्रश्नाचं आहे.

आधी खेळाची ओळख, कारण इथं अर्धी मंडळी आमच्या वयाची आहेत. खेळाचं नाव 'गोट सिम्युलेटर'. स्वीडनमधल्या शोव्दे या गावातल्या 'कॉफी स्टेन स्टुडिओज' नावाच्या छोट्या चमूनं तो काढला. त्यांनी आपसात गंमत म्हणून एक कच्चा नमुना केला होता. त्याची चित्रफीत लोकांना इतकी आवडली की खेळ पुरा करावा लागला. तो आला 1 एप्रिल 2014 ला. तारीखही मुद्दाम निवडलेली. आणि आपला पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. म्हणजे ही शेळी आपल्या जिल्ह्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी. (हशा)

'सिम्युलेटर' म्हणजे नक्कल-यंत्र. वैमानिकांना शिकवायला विमानाचं असतं. आपल्याकडे तारापूरला अणुवीज केंद्र आहे, तिथल्या मंडळींना हे सांगायला नको. अशा केंद्रांचे चालक नियंत्रण कक्षाच्या प्रतिकृतीवरच तयार होतात. युरोपात ट्रॅक्टर चालवण्याचे, शेतीचे असे नक्कल-खेळ फार खपतात, आणि ते अतिशय गंभीरपणे बनवलेले असतात. या स्वीडिश पोरांनी त्या गांभीर्याची टर उडवली. खेळात चुका भरपूर. शेळीची मान भिंतीतून आरपार जाते, शिडीवर तिचे पाय भलतेच वाकतात. त्यांनी आधीच सांगून टाकलं की खेळ बंद पाडणाऱ्या चुका तेवढ्या आम्ही दुरुस्त करू, बाकीच्या राहू देऊ, कारण त्याच गमतीच्या आहेत. आणि एक महत्त्वाची गोष्ट: या खेळात शेळी मरत नाही. मरूच शकत नाही.

पुढच्या वर्षी, मे 2015 मध्ये, त्यांनी याला एक जोड काढली: 'गोटझी'. तिच्यात 'सर्व्हायव्हल' हा प्रकार आणला. मराठीत आपण त्याला 'तगण्याचा खेळ' म्हणू. 'जगण्याचा' म्हटलं तर फार मोठं होईल. या प्रकाराची त्या सुमारास लाट होती. 'डेझी' नावाचा खेळ होता, त्यात जग मोडून पडलेलं, प्रेतं उठून चालतायत, आणि तुम्ही डबाबंद अन्न शोधत हिंडायचं. 'माइनक्राफ्ट' तर घरोघरच्या मुलांना माहीत आहे. त्यात 2011 साली भुकेची पट्टी आली. पडद्याच्या खाली कोंबडीच्या दहा तंगड्या काढलेल्या असतात. हिंडाल, पळाल तशा त्या एकेक करून रिकाम्या होतात. खाल्लं की भरतात. कॅनडातल्या 'डोन्ट स्टार्व्ह' या खेळाच्या तर नावातच आलं, की बाबा, उपाशी मरू नकोस.

'गोटझी'नं काय केलं? जाहिरातीतच सांगितलं की आमच्या तगण्याच्या खेळात शेळीला दर पाच मिनिटांनी खावं लागेल, कारण असले खेळ बनवणाऱ्यांना माणूस इतक्या वेळानं खातो असंच वाटतं. शेळी चरतेय, पळतेय, मागं प्रेतं लागलीत, आणि हिला पुन्हा भूक.

या पाच मिनिटांवर आम्ही जरा हिशेब केला. 'माइनक्राफ्ट'मध्ये अख्खा दिवस, म्हणजे दिवस आणि रात्र मिळून, वीस मिनिटांचा असतो. चोवीस तासांची वीस मिनिटं. मग पाच मिनिटं म्हणजे किती? सहा तास. सहा तासांनी भूक लागणं अगदी रीतसर आहे. नाश्ता, जेवण, पुन्हा जेवण. म्हणजे खेळ बनवणारे तितके वेडे नव्हते. त्यांनी काळ आकसून घेतला, आणि काळाबरोबर भूकही आकसली. 'गोटझी'चा विनोद असा की त्यांनी काळाचा तो पडदा काढून घेतला आणि आकसलेली भूक तेवढी उघड्यावर ठेवली. विनोद करणाऱ्याला हे गणित माहीत असायला हवं असं नाही. पण विनोद नीट बसतो तेव्हा त्याच्या खाली बहुधा असं काहीतरी गणित असतं.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू, नाहीतर आमचं पेन्शन बंद होईल. (हशा) बर्नार्ड सूट्स नावाचे एक तत्त्वज्ञ कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात शिकवत. 1978 साली त्यांचं 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक आलं. इसापाची गोष्ट आठवा: मुंगी उन्हाळाभर धान्य साठवते, नाकतोडा गात बसतो, हिवाळ्यात उपाशी मरतो. सूट्स यांच्या पुस्तकाचा नायक तो नाकतोडा आहे. तो मरणाच्या दारात आहे, त्याचे शिष्य भोवती जमले आहेत, आणि शिष्य म्हणतात, गुरुजी, आमच्यातलं थोडं खा. नाकतोडा नको म्हणतो. का नको, ते समजावताना तो 'खेळ म्हणजे काय' याची व्याख्या करतो. बघा, तगण्याच्या खेळाबद्दल सर्वांत चांगलं पुस्तक एका न तगलेल्या प्राण्याच्या तोंडून आलं.

त्याची व्याख्या आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. लगोरी घ्या. सात चकत्या एकावर एक रचायच्या आहेत. मग सरळ जाऊन रचा की! कोण अडवतंय? नाही, आधी चेंडू मारून पाडायच्या, मग कुणीतरी चेंडू घेऊन आपल्याला टिपत असताना रचायच्या. म्हणजे जे काम सहज होईल ते आपण मुद्दाम अवघड करून घेतो. नियम सोपी वाट बंद करतात, आणि ती बंद असावी हे आपल्याला मान्य असतं, कारण त्याशिवाय खेळच होणार नाही. गरज नसलेले अडथळे स्वखुशीनं अंगावर घेणं, हा सूट्स यांच्या मते खेळाचा गाभा.

आता ही व्याख्या 'तगण्याच्या खेळा'ला लावून बघा. तगण्यात अडथळे गरजेचे नसतात असं कुणी म्हणेल का? स्वखुशीचे असतात का? डोंगरीपाड्यावरची बाई मार्च-एप्रिलमध्ये दोन हंडे डोक्यावर घेऊन विहिरीवर जाते, तेव्हा तिनं काही नियम मान्य केलेला नसतो. मग 'तगण्याचा खेळ' हे शब्द 'वांझेचा मुलगा' या आपल्या न्यायशास्त्रातल्या जुन्या उदाहरणासारखे झाले. एकमेकांना खोडणारे.

आम्ही काही दिवस असंच मानत होतो. मग बोईसरच्या एका मुलानं आम्हाला गप्प केलं. तो इथं एमआयडीसीत एका कारखान्यात आहे, पाळीनं काम. रात्रपाळी करून सकाळी खोलीवर जातो आणि झोपायच्या आधी तासभर मोबाइलवर तगण्याचा खेळ खेळतो. आम्ही विचारलं, अरे, रात्रभर राबून आलास, आता पुन्हा लाकडं तोडतोस, खाण खणतोस, मजुरी न घेता? तो म्हणाला, "सर, तिथं जेवढं तोडलं तेवढं माझंच असतं."

सूट्स यांना हे उत्तर आवडलं असतं असं आम्हाला वाटतं. तगण्यातली सक्ती काढून टाकली, मागं नुसता आकार ठेवला: भूक, शोध, साठा, निवारा. तो आकार स्वखुशीनं घेतला की खेळ होतो. सूट्स यांची कल्पना अशी की सगळ्या गरजा भागल्या, कुणाला काही कमवायची निकड उरली नाही, तर माणसाला करण्यासारखं फक्त खेळणं उरेल. मग सुतारकाम आणि विज्ञानसुद्धा तो खेळ म्हणूनच करेल. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांत सृष्टी ही लीला मानली, ती याच अंगानं: ज्याला काही मिळवायचं उरलेलं नाही, त्याचं करणं लीलाच असणार. फरक इतकाच की आमचा पाळीवाला मुलगा परब्रह्म नाही. दुपारी दोनला त्याचा गजर वाजतो.

बरं, मग हसू कशाचं येतं? बेर्गसाँ हे फ्रेंच तत्त्वज्ञ. त्यांचा हास्यावरचा निबंध 1900 सालचा. ते मागच्या वेळी झाले, म्हणून थोडक्यात. जिवंत वस्तू यंत्रासारखी वागली की हसू येतं, आणि हसताना मनातली माया घटकाभर बाजूला ठेवावी लागते. शेळी पडते, लोळागोळा होते, उठते. जिवंतपणावर यंत्राचा मुलामा. पहिला भाग बरोबर बसला. माया बाजूला ठेवायचं काय? इथं आम्हाला काश्मीरच्या अभिनवगुप्तांचं जास्त पटतं, हजार वर्षांपूर्वीचे असले तरी. भरतमुनींनी हास्य शृंगाराच्या नकलेतून काढला. अभिनवगुप्तांनी तो विस्तारला: कुठल्याही रसाचा नुसता आभास झाला, भाव अस्थानी आला, की तिथं हास्य उभं राहतं. करुणाचाही आभास होऊ शकतो. मरण नसताना मरणाचा आविर्भाव, उपासमार नसताना उपासमारीची घाई. 'गोटझी' हा करुणाभास आहे. तिथं माया बाजूला ठेवण्याची गरजच नाही, कारण मायेला तिथं विषयच मिळत नाही.

म्हणजे आमचं हसणं निर्दोष ठरलं. सुटलो. पण विक्रमगडचा मुलगाही हसला होता, आणि हसून झाल्यावर त्यानं बिबट्या विचारला. त्याचं काय?

खरी शेळी काय असते ते बघू. तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे, पण पडद्यावरच्या शेळीनंतर पुन्हा सांगावं लागतं. शेळी गवतापेक्षा पाला जास्त खुडते, मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा, बोरीचा शेंडा ओढते. तिच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, त्यामुळे मान खाली घालून चरतानाही तिला दोन्ही बाजूंचं दिसतं. आणि ती दर पाच मिनिटांनी खात नाही. भराभरा पोट भरून घेते आणि मग सावलीत बसून तासन् तास रवंथ करते. खेळातल्या शेळीला रवंथ नाही. त्याला पॉइंट कसे द्यायचे? रवंथ हा आमच्या धंद्याचा भाग असल्यामुळे ते आम्हाला लागलं. (हशा)

थॉमस नागेल यांनी 1974 साली विचारलं होतं की वटवाघूळ असणं कसं असतं. वटवाघळाच्या जागी मी असतो तर मला कसं वाटलं असतं, हे सांगता येईल; वटवाघळालाच कसं वाटतं, ते नाही. आमचंही तेच झालं. तासभर आम्ही शेळी होतो, पण शेळी असणं काय असतं ते आम्हाला काडीचं कळलं नाही. शेळीचं कातडं पांघरलेला एक म्हातारा लॅपटॉपच्या खुंट्या दाबत होता.

गरिबाची गाय म्हणतात शेळीला. आपल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीच्या बाजूला ती गायीपेक्षा बँक जास्त आहे. आजारपण आलं, मुलीचं लग्न निघालं, पावसाळ्याच्या तोंडाशी बियाणं आणायचं झालं, की एक शेळी बाजारात जाते. अशा घराची शेळी बिबट्यानं नेली, तर वनखात्याला कळवायचं, पंचनामा करायचा, मग भरपाई. आमच्या त्या मुलाच्या घरची एक नेली होती. त्यानं ते फार साधेपणानं सांगितलं. "पाटीची होती," म्हणाला. म्हणजे पहिल्यांदा गाभण राहिलेली तरणी शेळी. त्याला दुःख झालं की नाही ते आम्ही विचारलं नाही. घरातल्या हिशेबातून काय गेलं, ते मात्र त्याला रुपयांत माहीत होतं.

आणि ज्या बिबट्यानं शेळी नेली, त्याच्याशी या लोकांचं नातं काय? वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी असतात. वाघ म्हणजे पट्टेरी वाघही आणि बिबट्याही. लाकडाची किंवा दगडाची मूर्ती, शेंदूर, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस. काही वन्यजीव अभ्यासकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत हिंडून अशी दीडशेच्या वर ठाणी नोंदवली. त्यांचा लेख 2021 साली आला. वाघोबाला मान द्यायचा, त्यानं राखण करायची, असा तो व्यवहार समजतात. मान देऊनही शेळी जातेच कधी कधी. मग लोक म्हणतात, आमचंच काही चुकलं असेल, बारस नीट झाली नसेल. शहरातला माणूस याला भोळसटपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. नुकसान होणारच आहे हे गृहीत धरून शेजाऱ्याशी बोलणं चालू ठेवायचं, ही रीत भोळी नाही.

याच शेळीचा आणि वाघाचा एक जुना खेळ आपल्याकडे आहे, आणि तो या व्याख्यानाच्या अगदी मधोमध बसतो. वाघ-बकरी. कोळशानं जमिनीवर रेघा मारायच्या, मोठे खडे ते वाघ, चिंचोके त्या बकऱ्या. असे कोरीव पट जुन्या दगडांवर सापडतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत खेळांचे पट कोरलेले आहेत. दक्षिणेत याचा तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा प्रकार आहे. नेपाळात 'बाघचाल' म्हणतात. तिथं पंचवीस घरं, चार वाघ, वीस बकऱ्या. वाघ बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात गेला की बकरी खाल्ली. पाच खाल्ल्या की वाघ जिंकला. बकऱ्यांना उडी मारता येत नाही, त्या कुणाला मारूही शकत नाहीत. त्या वाघाची कोंडी करून जिंकतात. वाघाला हलायला जागा उरली नाही, की डाव त्यांचा. कोंडी करायची तर एकीच्या मागं दुसरी उभी पाहिजे, म्हणजे उडी मारून उतरायला घरच उरत नाही. एकटी बकरी गेलीच समजा.

आता फरक बघा. वाघ-बकरीत तुम्ही 'एक बकरी' कधीच नसता. तुम्ही कळप असता. कळप तगतो, आणि तो तगताना दोन-तीन बकऱ्या जातात. कुठली जाऊ द्यायची तेही तुम्हालाच ठरवावं लागतं, जड हातानं. लॅपटॉपवरच्या तगण्याच्या खेळात मात्र बहुधा एकटा जीव असतो. जग मोडलेलं, शेजारी संपलेले, आणि मी आणि माझी पट्टी. अपवाद आहेत. 2012 चा 'टोकियो जंगल' हा जपानी खेळ आम्हाला नातवानंच दाखवला. माणसं नाहीशी झालेल्या टोकियोत एक गोंडस पॉमेरेनियन कुत्रा शिकार करत हिंडतो. तेही विनोदीच, पण त्यात कुत्र्याला जोडीदार मिळवून पिल्लं द्यावी लागतात आणि पुढचा डाव पिल्लांनी खेळायचा. आई-बापांनी कमावलेली ताकद थोडी पुढं उतरते. तिथं निदान तगणं एका पिढीत संपत नाही.

आता पट्टीकडे येतो. आम्हाला सर्वांत जास्त तिनं छळलं. आज पुढच्या रांगेत अंगणवाडीच्या दोन ताई बसल्या आहेत. त्यांच्या पिशवीत एक पट्टी असते. दंडघेर पट्टी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळाच्या दंडाला गुंडाळायची. साडेबारा सेंटीमीटर किंवा वर आलं, तर हिरवा. साडेअकरा ते साडेबारा, पिवळा. साडेअकराच्या खाली, तांबडा. खेळातल्या भुकेच्या पट्टीचे रंगही कितीकदा हेच असतात. आम्ही हे लक्षात आल्यावर हसलो नाही.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. या परिसराचं नाव महाराष्ट्राला त्या कारणानं पहिल्यांदा कळलं, ही आपल्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. त्यानंतर योजना आल्या. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली. प्रश्न मिटलेला नाही, हे ताई आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

दोन पट्ट्यांत फरक काय? खेळातली पट्टी खेळणाऱ्याला दिसते. त्याला स्वतःची भूक आकड्यात दिसते आणि तो धावतो. बाळाला स्वतःची पट्टी दिसत नाही. तांबडा रंग दुसऱ्या कुणीतरी बघायचा असतो, आणि धावायचंही दुसऱ्यानंच. पुष्कळदा फार उपासलेलं बाळ रडतसुद्धा नाही, त्याची खायची इच्छाच मेलेली असते. म्हणजे ज्या क्षणी पट्टी सर्वांत खाली, त्या क्षणी आतून भूक म्हणून काही जाणवतही नसेल. भूक ही जाणीव आहे आणि उपासमार ही अवस्था आहे. दोन्ही सोबत चालतातच असं नाही. खेळानं या दोन्ही एका रेघेत घातल्या.

दुसरं, खेळातल्या भुकेला स्मृती नसते. पोटभर खाल्लं की दहाच्या दहा तंगड्या परत, आधी कितीही वेळा रिकाम्या झाल्या असोत. शरीर तसं विसरत नाही. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची नंतरच्या जेवणानं सहसा पुरती भरून निघत नाही. आईच उपाशी असली तर बाळ जन्मतःच कमी वजनाचं येतं. 'टोकियो जंगल'मधलं ते पुढं उतरणं इथं उलट्या दिशेनं होतं. आणि फार उपासलेल्या बाळाला एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं. हळूहळू, मोजून घालावं लागतं. खेळात असा नियम ठेवला तर कुणी खेळणार नाही.

म्हणून काय, हसू नये? आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचं मत तसं होतं. ते म्हणाले, ज्या जिल्ह्यात वावर-वांगणी झालं तिथं भुकेच्या विनोदावर टाळ्या कसल्या? आम्ही यावर बरेच दिवस घालवले आणि आम्हाला ते पटलं नाही. विनोद कुणावर आहे ते बघावं लागतं. 'गोटझी' उपाशी माणसाला हसत नाही. भूक ही पाच मिनिटांनी भरायची पट्टी आहे, असं मानणाऱ्या खेळांना ती हसते. तगण्याचे गंभीर खेळ जे झाकून ठेवतात, ते ही वेडगळ शेळी उघडं पाडते. आम्हाला खटकतात ते गंभीर खेळ. पोट भरलेल्या माणसाला तासभर उपासमारीचं नाटक देऊन, भूक म्हणजे काय ते आपल्याला कळलं असं वाटायला लावणारे. शेळी निदान तसा दावा करत नाही. मरत नाही म्हणून सांगूनच ती येते.

आणि विक्रमगडच्या मुलाचं म्हणाल, तर तो हसला तेव्हा मनापासून हसला. बिबट्याचा प्रश्न त्यानं आम्हाला लाजवायला विचारला नव्हता. घरी शेळ्या आहेत, शेळी दिसली की नजर आपोआप आजूबाजूच्या झाडीत जाते. सवय. खेळ बनवणाऱ्याला ती सवय नव्हती, आम्हालाही नव्हती. तेवढंच.

वेळ झाली. प्रश्न घेऊ. हो, ताई, बोला. (श्रोत्यांतून प्रश्न : नातवाला हे सगळं सांगितलंत का?)

नाही हो. नऊ वर्षांचा आहे. दंडघेर पट्टीचं त्याला काय सांगणार? त्या मुलानं अंगणात कोळशानं पट काढून दिला, आणि चिंचोके नव्हते म्हणून चिकूच्या बिया घेतल्या. घोलवडचे चिकू आले होते घरी. आम्ही बकऱ्या घेतल्या, नातवानं वाघ. आमच्या पाच बकऱ्या पंधरा मिनिटांत गेल्या. मग त्या मुलानं बकऱ्या घेतल्या, आणि नातवाचे चारही वाघ कोंडून बसले, हलायला जागा नाही. नातू रडकुंडीला आला. म्हणाला, "आबा, ह्याच्या बकऱ्या तर काहीच करत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात!"